वजा केलेली वर्षं

यंत्रं, गाड्या, खुर्च्या, टेबलं. कंपनीच्या प्रत्येक वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी उतरवायची असते, आणि ते काम मी सव्वीस वर्षं इमानेइतबारे केलं. माझी स्वतःची किंमत मात्र मी एका सकाळी, दहा मिनिटांत उतरवली. भोपाळच्या बिट्टन मार्केटमधल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून.

तिथे नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका तरुणाचं ऑफिस होतं. खाली भाजीबाजार भरला होता आणि बायको मटार निवडून घेत होती. वर तो मुलगा माझा बायोडेटा निवडत होता.

"अंकल, छब्बीस साल का एक्सपीरियन्स देखते ही लोग फाइल बंद कर देते हैं," तो म्हणाला. "सोचते हैं, बहुत पैसा माँगेगा. पहली नौकरी हटा दीजिए. पंद्रह साल काफी है. जन्मतारीख भी मत डालिए."

त्यानं मला सर न म्हणता अंकल म्हटलं, तिथेच खरं म्हणजे मी उठायला हवं होतं. पण दिवाळीपासून मी घरी बसलो होतो, आणि आता लोकांनी होळीच्या सुट्टीचे बेत करायला घेतले होते. माझी पुठ्ठ्याच्या खोक्यांची कंपनी काही बुडाली नव्हती. पुठ्ठा इथेच राहिला, यंत्रं इथेच राहिली, मजूर राहिले. फक्त हिशेब गुरुग्रामला गेला. सगळ्या कारखान्यांचा हिशेब आता एका मोठ्या हॉलमध्ये होतो, आणि तिथे बसलेल्या मुलांनी आमची खोकी कधी पाहिलेलीसुद्धा नाहीत. पूर्वी प्रत्येक कारखान्याला आपला फायनान्स मॅनेजर असायचा आणि त्याच्या हाताखाली चार माणसं. आता त्या खुर्चीची गरजच उरली नाही. पेपरात येतं की आमच्या क्षेत्राला फार मागणी आहे. असेलही. बंगळूरला, तिशीच्या आतल्यांना. भोपाळमध्ये एका जागेसाठी माझ्या वयाचे लोक निम्म्या पगारावर यायला तयार असतात, आणि मीही त्यांच्यातलाच एक झालो होतो.

माझे वडील इथल्याच सोनागिरी वस्तीशेजारच्या सरकारी कारखान्यात होते. एकदा चिकटले ते निवृत्तीचा हार गळ्यात घालूनच बाहेर पडले. मी कॉमर्सला गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "लोखंड गंजेल, हिशेब कुठं जाणार?" बिचाऱ्यांना गुरुग्राम माहीत नव्हतं.

मी पहिली अकरा वर्षं काढून टाकली. रिक्षातून घरी जाताना बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे खोडाखोड तिला आवडत नाही.

"अहो, हे खोटं नाही का होत?"

"खोटं काहीच लिहिलेलं नाही. थोडं लिहिलेलं नाही, एवढंच."

हिशेब तपासताना माझ्यासमोर कुणी हे वाक्य उच्चारलं असतं तर मी त्याला दारातच उभं केलं असतं. ती मटाराची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. मला तिचा राग आला, आणि तो राग तिच्यावर नाही हेही कळत होतं.

आठवड्याभरानं अरेरा कॉलनीतून बोलावणं आलं. शेतीच्या पाइपांची कंपनी, जागा डेप्युटी मॅनेजरची. पूर्वी मिळायचं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मिळणार होतं. मी केस काळे केले. कपाळाच्या कडेला थोडा रंग लागला तो बायकोनं खोबरेल तेलानं पुसून काढला.

मुलाखतीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर दिल्लीहून बोलणारा एक माणूस. टेबलापलीकडे कंपनीची फायनान्स हेड बसली होती. ईमेलमध्ये तिचं आडनाव वेगळं होतं, लग्नानंतरचं. म्हणून आत जाईपर्यंत मला कल्पनाच नव्हती.

माझ्या पहिल्या कंपनीत, म्हणजे जी मी पुसून टाकली होती तिथे, ही मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. सोयाबीन तेलाची गिरणी होती ती. हिचे वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आलेले. सगळ्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे तिला रागवायचं असलं की मी मराठीत रागवायचो, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. पहिल्या महिन्यात तिला डेबिट-क्रेडिटचा घोळ सुटत नव्हता आणि ती जिन्यात जाऊन रडायची. दोन वर्षांत तिनं गिरणीचं वर्षअखेरीचं काम एकटीनं उरकलं. तिच्या सी.ए.च्या निकालाचे पेढे सगळ्यांत आधी माझ्या टेबलावर आले होते. मला तिचा अभिमान होता. आहे.

तिनं मला ओळखलं. नजर वर आली, क्षणभर तिचा चेहरा उजळला, मग तिनं हातातला बायोडेटा पाहिला. एक पान उलटलं. परत मागे उलटलं.

"पंद्रह साल," ती म्हणाली. "पूरे पंद्रह?"

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. पण गोल आकडा दिसला की थांबायचं आणि त्याच्या मागे काय आहे ते विचारायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. गिरणीतले लोक साठा मोजायचा कंटाळा आला की गोल आकडा टाकून मोकळे व्हायचे, म्हणून.

"जी," मी म्हणालो. "पूरे पंद्रह."

तिनं मान खाली घातली. पुढचे सगळे प्रश्न पडद्यावरच्या माणसानं विचारले. जीएसटी विचारलं, सॉफ्टवेअर विचारलं, तुमच्यापेक्षा लहान बॉसच्या हाताखाली चालेल का विचारलं. चालेल म्हणालो. मग त्यानं शेवटचा म्हणून एक प्रश्न विचारला.

"कोई ऐसा बताइए जिसे आपने शुरू से तैयार किया हो. जो आज कहीं अच्छी जगह पर हो."

खरं उत्तर माझ्यापासून दोन हातांवर बसलं होतं. ते देणं म्हणजे अकरा वर्षं परत आणणं, आणि वर हेही कबूल करणं की मी ती लपवली होती. नोकरी तर गेलीच असती, आणि ओळखीच्या माणसाला बोलावलं म्हणून तिच्यावरही बोट आलं असतं. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी फक्त भीती वाटली. खोक्यांच्या कंपनीतल्या एखाद्या कारकुनाचं नाव घेता आलं असतं, तेही सुचलं नाही.

"ऐसा कोई खास नहीं," मी म्हणालो.

तिनं पेनचं टोपण लावलं. "थैंक यू, सर," ती म्हणाली. ते 'सर' कुणालाही म्हणतात तसं होतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पेढ्यांची आठवण काढली. त्या पेढ्यांतले दोन मी घरी नेले होते, हे मी विसरलोच होतो.

"मग आता ती नाही म्हणेल," बायको म्हणाली.

"म्हणावंच तिनं."

पण मनातून मला नोकरी हवी होती, आणि अगदी लाज सोडून हवी होती. रोज सकाळी फोन उशाशी घेऊन उठायचो. शेजारी विचारायचे, आजकाल घरूनच काम का? मी हो म्हणायचो. बायको एकटी शाळेत जायची आणि मी मागे कुकर लावायचो. कुकर लावण्यात कमीपणा नाही. पण ती गेल्यावर घर इतकं गप्प व्हायचं की जीव नकोसा व्हायचा.

होळी झाल्यावर पत्र आलं. नोकरी मिळाली होती. खाली तिची सही होती. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच किळस आली.

पहिल्या दिवशी तिनं आम्हा चार नव्या लोकांना एका खोलीत बसवलं. तिघं पंचविशीच्या आसपासचे, आणि मी. इथे काम कसं चालतं ते ती पडद्यावर दाखवत होती. छान समजावत होती, घाई न करता, मधेमधे थांबून. साठ्याच्या आकड्यांपाशी आल्यावर ती वळली.

"एक बात याद रखिए. गोल आँकड़ा दिखे तो रुकना है. पूछना है कि इसके पीछे क्या है. ये मुझे मेरे पहले सर ने सिखाया था."

माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "वो सर अब कहाँ हैं, मैम?"

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघावं असंही वाटलं आणि बघू नये असंही. ती पडद्याकडेच बघत राहिली.

"पता नहीं," ती म्हणाली. "रिटायर हो गए होंगे."

बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. ती मला वाचवत होती की माझं मलाच परत देत होती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. आम्ही आता हिंदीतच बोलतो.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"ती काही बोलली का तुमच्याशी?"

"शिकवलं तिनं," मी बूट काढत म्हणालो. "चांगलं शिकवते."