लंगड्या जीवाणूचा दुसरा पंप

माझ्या वडिलांची पक्की समजूत होती की मी प्रयोगशाळेत जंतू मारते. मी त्यांना मारत नाही, नुसतं उपाशी ठेवते, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे त्याहून वाईट."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि सरकारी क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. अर्धी सोसायटी अजून बांधून व्हायची होती. तिथून चार्टर्ड बसने मी रोज दक्षिण दिल्लीतल्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी जात असे. आमचा विषय होता जस्त. जिवंत पेशीला जस्त लागतं, पण अगदी कणभर. तेवढं मिळवायला आपल्या आतड्यातला एक यःकश्चित जीवाणू जी व्यवस्था करतो, तिच्या मी सरळसरळ प्रेमात पडले होते. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "जस्त हवं तर आपल्या बिल्डरकडे माग. पाइपांवरचं सगळं त्यानेच खाल्लंय."

शेवटी मी त्यांना पाण्याच्या मोटरचं उदाहरण दिलं. नळाला दाब असला की पाणी आपोआप येतं. जस्त भरपूर असलं की तेही साध्यासुध्या वाटांनी जीवाणूत शिरतं. टंचाई झाली की आपण मोटर लावतो, आणि जीवाणूही लावतो. त्याच्या दोन आवरणांच्या मधल्या जागेत एक प्रथिन हिंडत असतं. जस्ताचा चुकार अणू सापडला की ते त्याला आपल्या खोबणीत धरतं आणि आतल्या आवरणात बसलेल्या दुसऱ्या प्रथिनाच्या हवाली करतं. तिसरं प्रथिन इंधन जाळतं आणि त्या जोरावर अणू आत ओढला जातो. गरज भागली की जीवाणू नवे पंप बनवणंच थांबवतो. मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि हिशेब एवढा चोख! वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोसायटीच्या सेक्रेटरीला एवढी अक्कल असती तर टाकी रोज वाहिली नसती."

माझ्या मार्गदर्शक मॅडम मूळच्या नागपूरच्या, पण दिल्लीत पार मुरलेल्या. रागवायच्या हिंदीत आणि कौतुक करायच्या मराठीत, त्यामुळे मराठी फारशी कानावर पडत नसे. त्यांनी या जीवाणूतून पंपाचं जनुकच काढून टाकलं होतं. त्या पंपहीन जीवाणूला आम्ही 'लंगडा' म्हणायचो. जस्त नसलेल्या द्रावणात लंगड्याने उपाशी राहायला हवं होतं, पण तो मजेत वाढत होता. मॅडमनी निष्कर्ष काढला की याच्याकडे तितकाच तल्लख असा दुसरा पंप असणार. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध गाजला आणि त्यांना ठिकठिकाणाहून बोलावणी येऊ लागली. तो दुसरा पंप शोधून काढणं हे माझं काम होतं. वर्षं चालली होती आणि पंप काही सापडत नव्हता. तो नाही मिळाला तर माझी पीएच.डी. बुडणार, आणि मॅडमचं नाव ज्याच्यावर उभं होतं तेही डळमळणार.

आमचा सगळा काटेकोरपणा जस्त बाहेर ठेवण्यासाठी होता. काचेची भांडी आम्ही ॲसिडने धुवायचो. पाणी आणि क्षार यंत्रावर तपासून घ्यायचो. आणि मग परदेशी रबरी हातमोजे घालूनच भांड्यांना हात लावायचा, असा मॅडमचा कडक नियम होता. आयात नुकतीच सोपी झाली होती, मोजे खोक्यांनी येऊ लागले होते, आणि मॅडमना त्यांचा कोण अभिमान! "अब जाके हमारी लैब लैब लगती है," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

एका उन्हाळ्यात मोज्यांची खेप कस्टममध्ये अडकली. मॅडम गावाला गेल्या होत्या. मी हात स्वच्छ धुतले, डिस्टिल्ड पाण्याने खळबळले आणि तशीच कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पंप शाबूत असलेल्या धडधाकट जीवाणूचा फ्लास्क नेहमीसारखा गढूळ होता. लंगड्याचा मात्र नितळ. मला वाटलं, जीवाणू सोडायलाच विसरले. पुन्हा केलं, पुन्हा नितळ. मग एका जुन्या मोज्याचं बोट कापून ताज्या द्रावणात भिजत ठेवलं, काढून टाकलं, द्रावण निर्जंतुक केलं आणि त्यात लंगड्याला सोडलं. तो इतका वाढला की फ्लास्कच्या पलीकडचं दिसेना.

रबर पक्कं करताना त्यात जस्त घालतात, हे मी नंतर ग्रंथालयात वाचलं. म्हणजे दुसरा पंप नव्हताच. आम्हीच मोज्यांमधून जस्त पुरवत होतो, आणि नळाला दाब असल्यावर लंगड्याला मोटर हवी कशाला? पण मी थक्क झाले ती धडधाकट जीवाणूमुळे. आमच्या यंत्राला ज्या पाण्यात आणि क्षारांत जस्ताचा मागमूसही लागला नव्हता, त्यातून त्याने स्वतःपुरतं वेचून काढलं होतं. तो आनंद ओसरला आणि मला मॅडमचा गाजलेला निबंध आठवला. हे मॅडमना कोण सांगणार?

"बिल्कुल सांग," घरी विचारलं तेव्हा वडील म्हणाले. "पण त्यांचं जेवण झाल्यावर सांग."

मॅडमनी सगळं उभ्यानेच ऐकलं. "फिर से करो," म्हणाल्या. मग लगेच, "नको, थांब. मीच करते." त्यांनी घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि सगळा प्रयोग स्वतः केला. दुसऱ्या दिवशी लंगड्याचा नितळ फ्लास्क खिडकीशी धरून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. तरीही म्हणाल्या, "किती सुंदर उपाशी राहिलाय गं हा!"

पुढच्याच महिन्यात परिषद होती. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव होतं आणि खाली व्याख्यानाचा विषय छापला होता: दुसरा पंप. मला वाटलं होतं, त्या आजारपणाचं निमित्त काढतील. त्या व्यासपीठावर गेल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या की हा विषय चुकीचा आहे, दुसरा पंप नाही, आणि हे माझ्या विद्यार्थिनीने शोधलं. मग त्यांनी मोज्यांतल्या जस्ताची हकिगत सांगून दोन फ्लास्कांची स्लाइड दाखवली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. त्यांना मॅडमची बाजू सावरून घ्यायची होती. मोज्यांच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या हातून हयगय झाली असेल, असं त्यांनी मोठ्या आपुलकीने सुचवलं. वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"नहीं सर," मॅडम म्हणाल्या. "बच्चों ने तो नियम माना. नियम मेरा था."

मागच्या रांगेत बसून मी लाज न बाळगता रडले. पीएच.डी.चं काय होईल, याचा त्या क्षणी मला पार विसर पडला होता. मला फक्त त्या बाईंसारखं व्हायचं होतं.