मोरीवरचं डावं वळण

माझ्या बायकोला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे. लग्नाआधी मी कोपरखैरण्यातल्या कोणत्या मुलीच्या मागे फिरायचो, तेही माहीत आहे. ही गोष्ट मात्र तिला माहीत नाही. आईला नाही. अण्णा गेले, त्यांनाही सांगितली नाही. सात वर्षं झाली. तसं बघितलं तर एका शब्दाची गोष्ट आहे — पण तो शब्द एकदम सांगितला तर तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणून जरा मागून येतो. की मलाच वेळ काढायचा आहे? तेही असेल.

मी रॅली चालवायचो. अण्णांना हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आम्ही जावळीकडचे; अण्णा मसाला मार्केटात मिरचीची पोती वाहायचे, आणि शर्यत म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर बैलं यायची. रॅलीत सगळ्या गाड्या एकत्र धावत नाहीत. रस्ता बंद करतात, कच्चा, डोंगरातला, आणि एकेक गाडी घड्याळाविरुद्ध सोडतात; अशा एका तुकड्याला स्टेज म्हणतात. शेजारी नॅव्हिगेटर बसतो. आधी दोनदा हळू जाऊन रस्ता बघायचा, प्रत्येक वळण वहीत लिहायचं, आणि शर्यतीच्या दिवशी तो वाचत जातो, आपण ऐकत चालवायचं. समोरचं दिसायच्या आधी ऐकायचं. थोडक्यात, जे लिहिलंय त्यावर जीव टाकायचा.

हे मला शिकवलं सदूदादांनी. सदानंद, बोनकोड्याचे, मूळ गावातले. वडील खाडीत जाळं टाकायचे. दादा तीन वेळा देशाचे चॅम्पियन. मी तुर्भ्याच्या एका शेडमध्ये मेकॅनिक होतो, त्यांच्याच टीमची शेड. एकदा गाडी ट्रायलला न्यायची होती, ड्रायव्हर आला नव्हता, दादा म्हणाले, तू ने. परत आलो तेव्हा ते घड्याळ बघत उभे होते. पुढच्या वर्षी मालकांना सांगून त्यांनी मला टीमची दुसरी गाडी दिली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की त्यांनी माझं काहीतरी वाईट केलं असणार. नाही केलं.

तर — चौथ्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, खारघरला एका टपरीवर चहा पिताना ते म्हणाले की कंबर आता साथ देत नाही, हा सीझन शेवटचा, पहिली गाडी तुझी. मला एवढा आनंद झाला की मी चहाचे पैसे न देताच निघालो, त्यांनीच हसत दिले.

आणि मग त्यांनी काहीच केलं नाही. कोणाला बोलले नाहीत. मालकांना नाही, त्यांच्या नॅव्हिगेटरला, जयंतला नाही, पेपरवाल्यांनी विचारलं तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय? मी वाट बघत राहिलो, आणि वाट बघणारा माणूस एकेक गोष्ट गोळा करायला लागतो. नवीन गिअरबॉक्स आला तो त्यांच्या गाडीला, त्यांचा जुना मला. तसं दर वर्षीच व्हायचं, पण जाणाऱ्या माणसाला नवीन गिअरबॉक्स कशाला? मी शेडमध्ये शिरलो की ते आणि मालक बोलायचे थांबायचे. थांबायचे का? की मलाच तसं वाटायचं? मग एक दिवस ड्रायव्हिंग सूट शिवणारा माणूस आला आणि दादा हात पसरून माप देत उभे होते. नवा सूट. शेवटच्या सीझनच्या शेवटच्या दोन रॅलींसाठी?

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण मला उत्तर नको होतं, मला पुरावा हवा होता. घरी बसून मी त्यांची प्रत्येक रॅली पुन्हा तपासायचो. मला गाडीच्या सेटिंगबद्दल दिलेला सल्ला मुद्दाम चुकीचा होता का? मागच्या वर्षी मला टायर बदलायला लावले, त्यात माझी मिनिटं गेली — ते माझ्यासाठी, की त्यांच्यासाठी? ज्या माणसाने माझ्या हातातला पाना सोडवून स्टिअरिंग धरायला लावलं, त्याच्या प्रत्येक उपकारामागे मला काहीतरी दिसायला लागलं. संशय असा असतो — त्याला खायला घालावं लागत नाही, तो स्वतःच शोधून खातो.

सीझनची शेवटून दुसरी रॅली दक्षिणेत होती, कॉफीच्या मळ्यांत. गुणांमध्ये दादा पहिले, मी तिसरा. रस्ता बघायच्या दिवशी दादा आणि जयंतने दोन्ही फेऱ्या दुपारपर्यंत संपवल्या. माझी गाडी पंक्चर झाली, म्हणून माझी दुसरी फेरी उशिरा झाली, आणि मध्ये तासभर पाऊस पडून गेला.

एका ठिकाणी डावं वळण होतं, रस्त्याखालून पाणी जायची मोरी. पहिल्या फेरीत आम्ही सगळ्यांनीच लिहिलं होतं, लेफ्ट फोर, कट. म्हणजे बऱ्यापैकी वेगात घ्यायचं, आणि आतल्या कडेवरून कापायचं. दुसऱ्या फेरीत बघतो तर आतली कड पावसाने खचलेली. मोरीचा दगडी काठ उघडा पडलेला, गुडघाभर, आणि त्यावर गवत आडवं झालेलं, त्यामुळे लांबून काहीच कळत नव्हतं. माझा नॅव्हिगेटर सलीम खाली उतरून बघून आला. वहीत त्याने लाल पेनाने ‘कट’ खोडलं आणि लिहिलं, डोन्ट कट. दोनदा रेघ मारली.

आमच्या टीममध्ये एक पद्धत होती. जो शेवटी रस्ता बघेल त्याने संध्याकाळी दुसऱ्याला बदल सांगायचे. सलीम म्हणाला, “मला आयोजकांकडून उद्याची टाइमकार्डं घ्यायला जायचंय, तू दादांना सांगशील ना?”

मी म्हटलं, सांगतो.

आणि खरंच सांगायला गेलो. हे तुम्ही माना किंवा मानू नका. दादा हॉटेलच्या व्हरांड्यात पाय वर करून बसले होते, कमरेला गरम पाण्याची पिशवी. जयंत आयोजकांच्या मीटिंगला गेला होता. आम्ही दोघंच. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यांच्या मुलीचं अ‍ॅडमिशन चाललं होतं, मधेमधे फोन येत होते, बोलणं तुटत होतं. एका फोनवर — पलीकडे कोण होतं माहीत नाही — ते म्हणाले, “पुढच्या वर्षीचा आताच कसा सांगू? असेन मी, नसेन मी.”

असेन मी.

तेवढंच ऐकलं मी. नंतरचं ‘नसेन’ माझ्या कानात शिरलंच नाही. फोन ठेवून त्यांनी विचारलं की दुसऱ्या फेरीत काय वेगळं दिसलं का. मी म्हटलं, तिसऱ्या स्टेजवर चिखल झालाय, उतारावर जरा सांभाळून. ते खरं होतं. अजून काही? ते म्हणाले. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्यांनी हाताने ‘थांब’ म्हणून खूण केली. मी थांबलो. चहा संपवला. त्यांचा फोन संपला. मी अजून दहा मिनिटं तिथेच बसून होतो, पावसाबद्दल बोलत.

मोरीबद्दल काही बोललो नाही.

त्यांना लागावं असं मला वाटत होतं का? नाही — मी मनाशी म्हणत होतो, फार तर चाक जाईल, एक रॅली जाईल, गुण जातील. पण दगड मी बघितला होता. किती वेगाने तिथे येतात तेही मला माहीत होतं. मेकॅनिक होतो मी. असा दगड गाडीचं काय करतो हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी दादांची. त्यांच्यामागे एक, मग मी. त्या वळणाला आलो तेव्हा पुढची गाडी थांबलेली होती आणि तिचा ड्रायव्हर दोन्ही हात हलवत रस्त्यात उभा होता. दादांची गाडी खाली कॉफीच्या झाडांत उलटी पडली होती. दादा बाहेर निघाले होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. जयंत आत होता. त्याच्या बाजूचं दार आत दबलं होतं. दार कापताना पत्रा मी धरला होता. तो ओरडत नव्हता, फक्त परत परत म्हणत होता, “मी कट बोललो. कटच लिहिलं होतं.”

त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तीन ऑपरेशनं झाली. आज तो पाय ओढत चालतो.

आता तो शब्द.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दादा बाकावर बसले होते, सूट अजून अंगात, चिखल वाळलेला. सलीमने त्यांना आल्याबरोबर विचारलं होतं की काल सांगूनही कट का मारला. सलीमचा काय दोष — त्याला वाटत होतं मी सांगितलं. दादा गोंधळले होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आवाजात राग नव्हता. गावातल्या भाषेत बोलले, घरी बोलतात तसं.

“संत्या, खरा सांग. तू मना त्या मोरीचा बोलला व्हतास का?”

मी म्हटलं, “हो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे म्हटलं — हे कोणी विचारलंही नव्हतं — “तुम्ही फोनवर होता दादा. पण मान हलवलीत.”

बघा ना, किती तयार होतं माझ्याकडे. मान हलवलीत. एवढं बारीक खोटं माणूस त्या क्षणी कुठून आणतो?

त्यांनी हात सोडला. भिंतीला डोकं टेकलं आणि हळू म्हणाले, “मना काय आठवत नाय.”

महिनाभराने त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं की थांबतो. कारण कमरेचं दिलं नाही. म्हणाले, ज्याच्या डोक्यावर भरवसा नाही त्याच्या शेजारी कोणी का बसावं. पहिली गाडी मला मिळाली. टपरीवर म्हणाले तेव्हा त्यांचं थांबायचं खरंच ठरलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. नवा सूट कशासाठी होता, तेही नाही. आणि माहीत झालं तरी त्याने काय बदलणार?

मी दोन वर्षं त्यांच्या गाडीत बसलो. एक रॅली जिंकलो. मग सोडलं. लोकांना सांगितलं, घरचं टेन्शन. खरं कारण असं, की सलीम नोट वाचायचा आणि माझा विश्वास बसायचा नाही. प्रत्येक वळणाला वाटायचं, याला काहीतरी माहीत आहे आणि हा सांगत नाहीये. सलीमसारखा माणूस! मी ब्रेक लवकर मारायला लागलो.

एकदा वाशीला मासळी घेताना वहिनी भेटल्या. त्यांनी सहज सांगितलं की दादा आता सगळं वहीत लिहून ठेवतात. गॅस बंद केला, लिहायचं. मुलीला फोन केला, लिहायचं. डॉक्टरांकडे जाऊन मेंदूचा स्कॅनही काढून आले, काही निघालं नाही, तर उलट जास्तच घाबरले. म्हणाले, यांना सापडत नाय म्हंजे कायतरी मोठं हाय. गाडी चालवत नाहीत. कुठे जायचं तर रिक्षा. त्यांच्यासारखा माणूस रिक्षात मागे बसतो. वहिनी बोलत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होतो — या मला मुद्दाम सांगतायत का? यांना कळलंय का? एवढं ऐकूनही माझ्या मनात पहिलं हेच आलं. दादा पन्नाशीचेही नव्हते, आणि मी घाबरलो होतो स्वतःसाठी.

त्या दिवशी सांगता आलं असतं. नंतरही आलं असतं. कधीही. कोपरखैरण्याहून बोनकोडे म्हणजे चालत जायचं अंतर. त्या बाजूला मी भाजीही आणायला जात नाही.

मागच्या महिन्यात दादांच्या मुलीची हळद होती. बोलावणं आलं, बायको ऐकेना, गेलो. गावात मांडव, बेंजो जोरात. दादा बारीक झालेत, केस पांढरे. शर्टाच्या खिशात वही. त्यांनी मला मिठी मारली आणि हाताला धरून पाहुण्यांकडे घेऊन गेले. जयंतही तिथेच खुर्चीवर बसला होता, काठी बाजूला ठेवून. कोणीतरी जुन्या रॅलींचा विषय काढला, तो अपघात निघाला, आणि त्या पाहुण्याने विचारलं की तुमच्यासारख्याकडून असं कसं झालं.

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “याने आदल्या दिवशी सांगितला व्हता मना,” ते म्हणाले. “मीच इसारलो. याचा काय दोष नाय.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं का? त्यांना कळलंय का? सात वर्षांपूर्वीच कळलं होतं का? याचा काय दोष नाय — असं कोणी विचारलं होतं का तिथे? मी परत तेच करतोय, बघा.

जयंतने मान वर केली. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो, सांगितलं होतं.” आणि बायको शेजारी उभी होती, तिने माझ्या दंडावरून हात फिरवला, मला वाईट वाटत असेल म्हणून.

मी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटं त्यांच्यासमोर बसलो, त्यांचा चहा प्यायलो, आणि सांगितलं नाही. सदूदादा काहीच विसरले नव्हते.