नग दोन

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना एक आश्रमशाळा लागते. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार आहे? तिथे सुकऱ्या सदतीस वर्षं शिपाई होता. जातीनं कातकरी. बाजारात कुणाची कोंबडी जरी हरवली, तरी पोलीस आधी त्याच्या बापाला उचलायचे. म्हणून नोकरी लागली त्याच दिवशी तो बायकोला, सोमीला, म्हणाला होता, "शालंचा खडूपण घरात आणायचा नाय." आणि खरोखरच कधी आणला नाही. त्याची पोरं घरच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं गिरवायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १९८८ साली, शाळेत कॉम्प्युटर आला. एकाच पेटीत दोन प्रोसेसर. एक मुलांच्या धड्यांचा, दुसरा ऑफिसच्या कामाचा; दोन्ही जागेवर असले तरच पेटी सुरू व्हायची. शहरातल्या पीसीवर जे चालायचं ते याच्यावरही चालायचं. मागे एक खटका होता. वर केला की पडद्यावर बेरजा-वजाबाक्या, खाली केला की ऑफिसची पत्रं. हे शिकून आलेल्या गुरुजींची महिन्याभरात बदली झाली. मग धूळ पुसता पुसता सुकऱ्याच शिकला, आणि वावर-वांगणी गावच्या पोरींना पडद्यावरच्या बेरजा त्यानंच दाखवल्या. हो, शिपायानं! बाकीचे गुरुजी तेव्हा चहाला जायचे.

पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि हा कपाटात गेला. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून सुकऱ्या कपाटात बल्ब पेटता ठेवायचा. दर रविवारी अर्धा तास यंत्र चालवून बघायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा जीव होता त्याच्यावर. तो निवृत्त व्हायची वेळ आली तरी ते यंत्र चालत होतं.

शेवटच्या आठवड्यात लिपिक पंकज भाऊसाहेबांनी सामानाची नोंदवही उघडली. त्यात लिहिलं होतं : संगणक, नग दोन.

"मामा, दुसरा कुठंय?"

"एकच आला व्हता, भाऊसाहेब."

"वहीत दोन आहेत."

घोळ साधा होता. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर 'प्रोसेसर दोन' असं होतं. कॉम्प्युटर बापजन्मात न पाहिलेल्या तेव्हाच्या भांडारपालानं वहीत 'नग दोन' लिहून टाकलं. पुढे दरवर्षी पडताळणीला साहेब आले, दारातूनच आत डोकावले आणि सही ठोकून जेवायला गेले. सदतीस सह्या! एकाही भल्या माणसाला दोनपर्यंत मोजावंसं वाटलं नाही.

सुकऱ्यानं पेटी उघडून दोन्ही प्रोसेसर दाखवले. खटका वर-खाली करून यंत्र चालवूनही दाखवलं. पंकजला पटलंसुद्धा. पण वही चुकली म्हणायचं तर सदतीस साहेब चुकले म्हणावं लागणार, आणि ते म्हणायची छाती कुणाची? त्यानं एक कोरा कागद पुढे सरकवला.

"मामा, एक कॉम्प्युटर माझ्या हातून गहाळ झाला, एवढंच लिहून द्या. प्रकरण मिटेल."

"गहाळ म्हंजे चोरला, असंच ना?"

"तसं कोण म्हणतंय?"

"सगलंच म्हणतील. माझ्या बापाला म्हणलं, मना पण म्हणतील."

अरे, एवढी वर्षं राबवून घेतलंत, आणि जाताना माणसाच्या कपाळावर हे लिहून पाठवता? सुकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं होतं. त्यानं विचारलं, "वहीला दोन नगच पायजेत ना?"

"दोन दिसले की माझी सही झाली."

सुकऱ्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. ऑफिसच्या प्रोसेसरची हिरवी पाटी खाचेत घट्ट बसली होती, निघता निघेना. त्यानं दात-ओठ खाऊन ओढली. ती निघाली, पण खाचेचा तुकडा मोडून घेऊनच. ती पाटी त्यानं टेबलावर पेटीच्या शेजारी ठेवली आणि तो बाजूला झाला.

पंकजनं पाटीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग पांढरा रंग मागवला. पेटीवर एक नंबर घातला, पाटीवर दुसरा, आणि सही केली.

"झाले बघा दोन, मामा. आता तुमच्यावर काही नाही."

"दोन झालं," सुकऱ्या म्हणाला, "पण आता एकबी चालायचा नाय."