सुभेदार आबांची विचारणा

एका माणसाशी मी खोटे बोललो आणि नऊ वर्षे ते तसेच राहू दिले. त्या खोट्यामुळे माझी नोकरी सुखात गेली; त्या माणसाचा मात्र स्वतःच्या गावावरचा विश्वास गेला. त्यांना सारे सुभेदार आबा म्हणत.

कोरेगाव तालुक्यातील त्यांच्या गावी मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी आबा कार्यालयात आले. लोक येतात ते दाखल्यासाठी. आबांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "भाऊसाहेब, झोप लागती का नीट? घरच्यांशी निवांत बोलनं कवा झालं?"

"आवं आबा, त्यास्नी आदी बसू तर द्या," शिपाई हसला.

सैन्यातली काही वर्षे आबांनी भूतानमध्ये रस्त्यांच्या कामावर काढली होती. तिथले सरकार घरोघर माणसे पाठवून असेच प्रश्न विचारते आणि देशाच्या कमाईआधी लोकांचे बरेवाईट पाहते, याचे त्यांना फार अप्रूप होते. "कारखानं किती, रस्तं किती, ते मागनं. आदी मानूस बरा हाय का बगत्यात. बुद्धाचं नाव नुसतं भितीवर लिवून गप बसत न्हाईत." पारावर त्यांना 'भूतान' असेच नाव पडले होते. कोणी डिवचले, "आबा, तितली पोरंबी परदेशात पळत्यात की," तर ते म्हणत, "पळू देत गड्या. जायच्या आदी त्यास्नी ईचारलं तरी व्हतं. तुला कवा कुनी ईचारलं रं?"

गावामागच्या टेकडीवर खडी क्रशरचा प्रस्ताव आला, तेव्हा आबा दोन महिने घरोघर हिंडले. उत्तरांचा गठ्ठा त्यांनी माझ्या हाती दिला. "ठरावाच्या आदी सभेत वाचा. मी न्हाई बोलनार, गावच बोलंल."

मी तो एकट्याने वाचला. 'जिवाला बरं कुठं वाटतं?' याला बहुतेक घरांनी टेकडीवरचा झरा सांगितला होता. एका बाईने एवढेच म्हटले होते : 'मला ह्ये आजपातूर कुनी ईचारलंच न्हाई.' मी मूळचा दुष्काळी कवठे महांकाळचा. उन्हाळ्यात वाहणाऱ्या झऱ्याचे मोल मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोयही मला नाही.

सरपंचांना क्रशर हवा होता. ते सहज म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगी दहावीला न्हवं? मधीच मेढ्याच्या डोंगरात बदली झाली म्हंजी?" तेवढे पुरले. ग्रामसभेला माणसे जमली नाहीत, म्हणून ती तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ती आम्ही मुद्दाम अशा दिवशी ठेवली, की आबा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला असतील. पाच-सहा जण बसले; मी 'सर्वानुमते मंजूर' लिहिले. मग शिपाई नोंदवही घेऊन घरोघर गेला आणि नेहमीप्रमाणे लोकांनी उंबऱ्यातच, न वाचता सह्या केल्या. गठ्ठा माझ्या कपाटातच राहिला.

"सभेत वाचलंसा का?" आबांनी परतल्यावर विचारले.

"वाचलं आबा. पण लोकांनाच क्रशर हवा आहे."

ते खुर्ची मागे सारून उठले. "लोकच म्हनत असतील, तर बरूबर हाय." त्यानंतर त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. पारावर येणे थांबले. रामराम केला, तर नुसती मान हलवीत.

आज अर्धी टेकडी गेली आहे. झरा आटला. उसाच्या पानांवर पांढरी धूळ बसते आणि यातले काही परत येणारे नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सांगलीला राहतो. आबांना श्वास पुरत नाही असे कळले, तेव्हा गेल्या महिन्यात गेलो. ते सोप्यात उशांना टेकून बसले होते.

"या भाऊसाहेब. पोरगी कशी हाय?"

"बरी आहे," म्हणत मी त्यांच्याजवळ बसलो. ते पुढे म्हणाले, "गावावर रागच धरला व्हता मी. पर त्यास्नी पायजेलच व्हतं, त्याला कोन काय करनार?"

मी बोललो, पण माझा आवाज जात्याच हळू, आणि क्रशर सुरू होता. आबांनी कानाला हात लावला. "काय? मोट्यानं बोला."

मी उभा राहिलो. शेजारची माणसे दारात आली, इतक्या मोठ्याने म्हणालो, "आबा, गावानं तुम्हाला नाही म्हटलं नव्हतं! तुमचे कागद मी सभेत वाचलेच नाहीत. गावाला मी विचारलंच नाही. मी खोटं बोललो, आबा. मला माफ करा."