दोर बांधलेली चिंच

११ मार्च १९६४, बुधवार. बोरी अरब. सकाळपासून वारा नाही. कौले चाळायला आलेला माणूस अर्धे काम टाकून गेला. पंजाबराव पाटलांचा घनश्याम चिंचेवर चढला होता, आग्यामोहोळ उठले आणि तो तिथेच गेला. दुपारी वहीत हे लिहीत असताना प्रेत अजून झाडावरच आहे.

बातमी आली तेव्हा उकंडा घरामागे दोर वळत बसला होता. गेला महिनाभर तो दोरच वळत होता. विचारणाऱ्याला सांगायचा, हंगामाची तयारी करून राह्यलो.

झाडावर चढणे हाच त्याचा धंदा. आंबा उतरवायचा, चिंच झोडायची, छपरावर आलेली फांदी तोडायची. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरे ओढणे, मयताचे सांगावे नेणे ही कामे सोडली. त्याबरोबर मिळणारे धान्यही गेले. उकंडाच्या कामाला मात्र गावातले मोठे शेतकरी स्वतः वस्तीत येत, दारात उभे राहत आणि त्याच्या सवडीने बोलत. एवढा मान वस्तीत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला नव्हता.

पण दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दिवाळीनंतर एका कवठाच्या झाडावर तो अर्ध्यावर गेला, खाली पाहिले आणि जमीन गरगर फिरली. बुंध्याला मिठी मारून कितीतरी वेळ तो तसाच राहिला. घसरत उतरला तेव्हा मांड्या सोलून निघाल्या होत्या. मालकाला त्याने सांगितले, कवठं कच्ची हायेत. बायकोला, सत्यशीलेला, म्हणाला पाय निसटला. तीही माझ्या घरची आणि इतर लोकांची धुणीभांडी करून थकलेली. तिने हळद लावली आणि पुढे विचारले नाही.

चिंच पिकू लागली की चढणाऱ्याने बुंध्याला आपला दोर बांधायचा, अशी रीत होती. दोर बांधला की ते झाड त्याचे. त्या हंगामात दुसरा चढणारा तिथे हात लावत नसे. यंदा दोर बांधला नसता तर गावाने कारण विचारले असते. म्हणून उकंडाने पाटलांच्या चिंचेला नेहमीसारखा दोर बांधला आणि दिवस ढकलू लागला.

"उकंडा, अर्धी चिंच माकडांनं खाल्ली," परवाच पंजाबराव दारात येऊन म्हणाले होते. "तुह्या उद्याचं शेपूट मारुतीच्या शेपटापेक्षा लांब झालं."

"येतो न पाटील. सांधा धरला जरासा."

"मंग दुसऱ्याले सांगू?"

"सांगा न. माहा दोर पाह्यल्यावर कोन येते थे पाहू," उकंडा हसून म्हणाला होता.

कोणी आले नाही. आज सकाळी घनश्याम चिडला, चिंचा ओढायची आकडी घेतली आणि स्वतःच चढला. आडव्या फांदीमागचे पोळे त्याला दिसले नाही. माश्या उठल्या तेव्हा पळता पळता त्याचा पाय बेचक्यात अडकला.

आता पाटलांचा सालदार धनसिंग वस्तीत आला होता. "उकंडादादा, चाल. मालक बलावतात. गड्यांतलं कोनी वर जाऊन नाई राह्यलं."

उकंडाचा चुलतभाऊ देवराव आडवा झाला. वस्तीत त्याचा शब्द चाले. "प्रेत उतरवाले? थे काम सोडलं आमी. आता उतरवलं का उद्या ढोर ओढाले बलावतीन."

उकंडा उठला. त्याच्यामागे देवराव आणि सगळी वस्ती निघाली.

चिंचेखाली गाव जमले होते. वर माश्यांची घूं घूं चालूच होती. पंजाबराव जमिनीवर बसले होते, ते उठून पुढे आले.

"उकंडा, हात जोडतो तुले. पोराले खाली आन."

"मले चढता येत नाई, पाटील."

गर्दी पुढे सरकली. "दोन सालं झाली. हात वर जात नाई. चक्कर येते." त्याने उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्याशी येऊन थांबला.

"दोर बांधाले बरा गेला हात," गर्दीतून कोणी म्हणाले. "आता सोंग करून राह्यला."

देवरावने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बेस बोलला दादा. भांडन बी नाई, न काम बी नाई."

उकंडाने त्याच्याकडे पाहिले. मग पायातली वहाण काढून तो बुंध्याला भिडला. डावा हात धरला, पाय रोवला, उजवा हात वर नेला आणि पाठीवर आपटला. मागे कोणीतरी हसले.

देवरावने त्याला उठवले. "पुरे, दादा. त्याइले इतकं कायले दाखवतं?"

शेवटी गड्यांनी धूर केला, दोन शिड्या एकीला एक बांधल्या आणि धनसिंगाने फांदी तोडली. घनश्याम फांदीसकट खाली आला. त्याच्या अंगावर चिंचांचा सडा पडला. बायकांनी त्या पदराने बाजूला सारल्या.

गाव प्रेतामागे गेले. उकंडा बुंध्याचा दोर सोडू लागला. गाठ सुटेना. पंजाबराव जाता जाता थांबले.

"राहू दे," ते म्हणाले. "हे झाड आता तुहंच."

दिवेलागणीला वस्तीतली माणसे त्याच्या ओट्यावर जमली. दादानं वस्तीचा शब्द राखला, असे जो तो म्हणत होता. आता गावाने काम बंद केले तरी घराघरातून भाकर देऊ, असे देवरावने सर्वांसमोर कबूल केले. उकंडा मान खाली घालून ऐकत राहिला. दोनदा त्याने तोंड उघडले. दोन्ही वेळा कोणीतरी त्याला म्हणाले, तू आराम कर.

सगळे गेल्यावर सत्यशीला त्याच्यासमोर येऊन बसली.

"खरंच येत नाई तुमाले चढता?"

"नाई."

"मंग काहून नाई सांगतलं? मले तरी."

ती चूल न पेटवता तशीच बसून राहिली.

त्या संध्याकाळी मी माझ्या वहीत त्याच तारखेखाली आणखी एक ओळ लिहिली: सत्यशीला आली नाही, भांडी मीच घासली.