दोनदा विचारणारे मेहुणे

कोणाच्याही 'हो'वर विश्वास न ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. हे आमचे मेहुणे विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवायचे. दवाखान्यात, शिबिरात माणसाला नीट विचारून उपचार करतात की नाही, हा त्यांचा अभ्यास. आणि संशय हा स्वभाव. आदिलाबादजवळ इचोड्याला आमच्याकडे आले, की बायको मला विचारी, "चहा टाकू?" मी 'हो' म्हणताच हे तिला अडवीत, "थांब! जावईबापू मनातून म्हणून राह्यले का भिडेनं, ते पाहू दे." चहा तिथंच राही.

एकदा बाजारात डोळ्यांचं शिबिर लागलं. कागदावर अंगठा लावून बसलेल्या म्हाताऱ्यांना यांनी गाठलं. "मावशी, काऊन लावला अंगठा?" "समदे लावून राह्यले, म्हून लावला." झालं! दुपारपर्यंत शिबिरवाल्यांशी वाद. म्हाताऱ्या उन्हात, आणि मी दुकान सोडून त्यांना पाणी वाटतोय! शेवटी एक ओरडली, "चष्मा नको बाप्पा, पण ह्या मास्तरले आवरा!" मी दुकानदार माणूस, फुकटात एवढी चौकशी करणाऱ्याचा मलाच संशय येई. यांचा नक्की डाव काय, हे मला कधी कळलं नाही.

मग बायकोचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढावी लागेल. आमच्याकडे ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नवऱ्यानं सही करायची रीत. मी करून टाकली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेहुणे दवाखान्यात हजर.

"जावईबापू, तिले इचारलं?"

"तिच्यासमोरच केली की सही! हो म्हणाली ती."

त्यांनी स्टूल ओढलं, खाटेजवळ बसले. "बाई, काढायची हाय तुले पिशवी?"

"हो, दादा."

"आता जावईबापूकडं न पाहता सांग."

बायको एकदम रडायलाच लागली. "मले लय भेव वाटते, दादा. दुसऱ्या डॉक्टरले दाखवा ना एकडाव!"

अठरा वर्षांचा संसार, आणि माझ्या डोळ्यांसमोर बसलेली ही बाई घाबरलेली आहे हे मला दिसलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदिलाबादला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट तपासलं, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. गोळ्यांवर भागलं.

मेहुणे गेल्या वर्षी वारले. चहा आता वेळेवर मिळतो, 'थांब!' म्हणणारं कोणी नाही. बायको "काही नाही, बरी हाव मी," म्हणाली, की मी दुकानाकडे निघालेला परत फिरतो, स्टूल ओढतो आणि पुन्हा विचारतो. "दादावानी नका करू," म्हणून ती हसते. मग जरा वेळानं, माझ्याकडे न पाहता, खरं काय ते सांगते.