डॉन बासिलिओचं घड्याळ

डॉन बासिलिओ तोंडात नळी धरून बोलायला लागला की मला त्याच्याकडे बघवत नाही. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की पहिलं दर्शन याचं. टेबलावर बर्फाच्या पाण्याचा थर्मास, हातात तेरेरेचा, म्हणजे येर्बाच्या पाल्यावर गार पाणी ओतून करायच्या पेयाचा, शिंगाचा पेला, मिशांना चिकटलेला हिरवा चुरा. पेला एक आणि त्यातली धातूची नळीही एकच. एकाने प्यायचं, पेला परत द्यायचा, ओतणाऱ्याने पुन्हा पाणी घालून तो पुढच्याला द्यायचा. माझा जन्म या राजधानीजवळच्या सान लोरेन्सोतला, वाढलेही इथेच, त्यामुळे दहा जणांच्या नळीने पिण्याचं मला काही वाटत नाही. पण डॉन बासिलिओ नळी चावतो. त्याच्या दातांच्या खुणा तिच्यावर उमटल्या आहेत, आणि माझी पाळी आली की त्या जिभेला लागतात.

तेरेरेचा एक नियम आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतो. पेला परत देताना आभार मानले की तुमचं पिणं संपलं, मग तुम्हाला कुणी ओतत नाही. म्हणून ज्याला अजून हवं असतं तो मुकाट्याने पेला परत देतो.

आमची कंपनी म्हणजे डॉन बासिलिओच्या सासऱ्याच्या औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. सहकारी संस्थांना लागणारे प्रोग्राम आम्ही जावात लिहितो. म्हणजे बाकीचे लिहितात, मी तपासते आणि चुका ज्याच्या त्याच्या पदरात घालते. डॉन बासिलिओ एके काळी स्वतः लिहायचा. तेव्हा जावा नवी होती आणि त्याच्या डोक्यावर केस होते. आता तो फक्त मालक आहे आणि सर्व्हरचा राखणदार.

हा सर्व्हर म्हणजे त्याच्या टेबलावरचा एक जुनाट कॉम्प्युटर. त्याच्या झरोक्यांत चिपाचे तुकडे अडकलेले असतात, कारण डॉन बासिलिओ ही चीजची भाकरी त्याच्यावरच मोडून खातो. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर काम करायचं, फाइली या सर्व्हरवर कॉपी करायच्या, तिथे बिल्ड चालवायचा, म्हणजे लिहिलेल्या फाइलींपासून चालणाऱ्या फाइली तयार करायच्या, आणि पान नीट उघडतंय का ते बघायचं. गिऱ्हाइकाला जे दाखवायचं ते इथूनच. तयार फाइलींचं फोल्डर रिकामं करून सगळं नव्याने बांधावं, तर तीही सोय नाही. डॉन बासिलिओने स्वतःच्या जमान्यातले काही तुकडे त्याच फोल्डरात टाकून ठेवले आहेत. त्यांचा मूळ कोड त्याने कधीच हरवला. फोल्डर पुसलं तर ते तुकडे जातील आणि निम्मे प्रोग्राम बसतील. म्हणून फोल्डरला हात लावायचा नाही, सर्व्हरला अपडेट द्यायचं नाही, कशाला काही करायचं नाही.

त्यात सरकारने हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे घ्यायची पद्धत बंद केली. सगळ्या देशाला कळलं, सर्व्हरला कळलं नाही. मार्चमध्ये, आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर, तो जुन्या सवयीने तासभर मागे गेला. दहा मिनिटांच्या अपडेटने भागलं असतं. पण डॉन बासिलिओ रोज सकाळी यायचा, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा, नळी दातांत धरायचा आणि माउसने सर्व्हरचं घड्याळ हाताने तासभर पुढे ढकलायचा. देवापुढे मेणबत्ती लावताना लोक करतात तसा त्याचा चेहरा व्हायचा. रात्री यंत्र इंटरनेटवरून वेळ घेऊन पुन्हा आपल्या जागी. सकाळी हा पुन्हा हजर.

"सरकार बदलतं, यंत्रं बदलत नाहीत," तो आम्हाला सांगायचा. "शेवटी माणसालाच हात घालावा लागतो."

नीमिया काबान्यास आमच्याकडे आली ती फेब्रुवारीत. पिरिबेबुय गावच्या शाळेत ती गणित शिकवायची. संध्याकाळी घरी बसून जावा शिकली, आणि एक दिवस शाळेचा राजीनामा देऊन राजधानीजवळ राहायला आली. शाळेत तिच्या जागी लगेच दुसरी बाई घेतली, म्हणजे मागे फिरायची वाट बंद. आमच्याकडे तीन महिने बघून मग कायम करायचं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी तिने तिला दिलेला कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. त्यातून इतका येर्बा आणि चुरा पडला की तिने तो कागदावर गोळा करून कचऱ्यात नेऊन टाकला आणि हात धुऊन आली. त्या दिवसापासून ती मला आवडली.

डॉन बासिलिओने तिला लगेच ओतायच्या कामाला लावलं. नवं माणूस ओततं हे खरं, पण तिच्यानंतर एक माणूस आला तरी पेला नीमियाच्याच हातात राहिला. कोड लिहिता लिहिता ती उठायची, ओतायची, द्यायची, परत घ्यायची. कधी कुरकुर केली नाही.

तिच्याकडे काम आलं ते एका सहकारी दवाखान्याचं. पेशंटना वेळ देणारा प्रोग्राम एकाच वेळेवर दोघांची नावं घालायचा. खेड्यांतून पहाटेच्या बसने माणसं यायची आणि डॉक्टरच्या दारात दोघं एकच नंबर धरून भांडायची. दवाखान्याच्या डॉक्टर ब्लासिदा शुक्रवारी येऊन दुरुस्ती बघणार होत्या. नीमियाने चूक दोन दिवसांत शोधली. तिच्या लॅपटॉपवर सगळं चोख. मी स्वतः तपासलं, एका वेळेवर एकच नाव. तीच फाइल सर्व्हरवर टाकली, बिल्ड चालवला, पान उघडलं, तर दोघं आपली एकाच वेळेवर बसलेली.

तिने सर्व्हर बंद करून चालू केला. ब्राउझरची साठवण पुसली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलं. कॉपी नीट झाली का ते ओळ न् ओळ पडताळलं. काही उपयोग नाही. आणि वैताग असा की जेवून आल्यावर तिने काहीही न बदलता फाइल पुन्हा सेव्ह करून टाकली आणि बिल्ड चालवला, तर दुरुस्ती दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा बदल केला, पुन्हा तेच. सकाळचं काम दुपारी उगवायचं.

डॉन बासिलिओने याचा अर्थ त्याच्या अकलेप्रमाणे लावला. बाई सकाळी लॅपटॉप उघडून नुसत्या बसतात आणि जेवल्यावर कामाला लागतात, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. नीमियाने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"स्वतःच्या लॅपटॉपवर काय, माझी सासूसुद्धा देवदूत असते," तो म्हणाला. "इथे दिसलं पाहिजे. शुक्रवारी नाही दिसलं तर पिरिबेबुयची बस कुठून सुटते ते तुला माहीत आहेच."

आणि हसला. हसताना पेल्यातला एक थेंब सर्व्हरवर पडला, तो त्याने अंगठ्याने पुसला आणि अंगठा चोखला.

गुरुवारी सकाळी नीमियाने दवाखान्याच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत "नीमिया इथे आहे" असं लिहिलं, आणि फाइल सर्व्हरवर टाकून बिल्ड चालवला. पानावर ती नव्हतीच. मग ती फोल्डरातल्या फाइलींच्या वेळा बघायला लागली. बराच वेळ बघत बसली आणि मग हळूच मला जवळ बोलावलं.

"मी ही फाइल आत्ता सेव्ह केली," ती म्हणाली. "भिंतीवर बघ, सव्वादहा. सर्व्हर म्हणतो सव्वानऊला लिहिली. सव्वानऊला मी बसमध्ये उभी होते."

मग तिने मला समजावलं, शाळेत समजावते तसं. बिल्ड आळशी असतो. लिहिलेली फाइल आणि तिच्यापासून तयार झालेली फाइल, यांत नवी कोणती ते तो वेळ बघून ठरवतो. तयार फाइल नवी असली तर तो म्हणतो, काम झालेलं आहे, आणि हलत नाही. तिच्या लॅपटॉपची वेळ खरी, आणि कॉपी केलेली फाइल तीच वेळ सोबत घेऊन येते. सर्व्हरचीही आतली वेळ मुळात बरोबर होती, फक्त दाखवताना तो जुन्या नियमाने एक तास कमी दाखवायचा. हाताने ढकलल्यामुळे तो आतून तासभर पुढे पळतोय. तिथे दहाला तयार झालेली फाइल अकराची ठरते, म्हणजे सव्वादहाच्या दुरुस्तीपेक्षा नवी. सकाळी साफसफाईसारखा एकदा बिल्ड चालला, की पुढचा तासभर तिने काहीही लिहिलं तरी ते वाया. तास उलटल्यावर फाइल पुन्हा सेव्ह करून बिल्ड चालवला, तर सगळं ठीक.

आम्ही दोघींनी एकदमच डॉन बासिलिओकडे पाहिलं. तो मिशा पुसत होता.

ती त्याच्याकडे एकटी गेली, दार लोटून, आवाज न चढवता. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. तिने वेळा दाखवल्या, अपडेट द्यायची परवानगी मागितली, निदान घड्याळाला हात लावू नका म्हणाली. घड्याळाचा आणि जावाचा काय संबंध, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं, आणि त्याला ते समजलं, हे मला त्याची खुर्ची सर्व्हरकडे करकरत वळली त्यावरून कळलं. मग तो म्हणाला की या यंत्रावर तू जन्मायच्या आधीपासून प्रोग्राम चालतात, आणि पाणी गरम झालंय, बर्फ आण.

शुक्रवारी सकाळी त्याने घड्याळ पुढे केलंच. सगळ्यांच्या देखत आणि नेहमीपेक्षा सावकाश. मग स्वतःच्या हाताने बिल्ड चालवला, आजवर कधी चालवला नव्हता तो. नीमियाने आदल्या रात्रीची शेवटची दुरुस्ती त्याआधी तिथे टाकली होती, तेवढी बचावली. पण डॉक्टर ब्लासिदा आल्या आणि त्यांनी वापरून पाहिल्यावर एक साधी गोष्ट मागितली. कुणी वेळ रद्द केली तर ती जागा दुसऱ्याला मिळावी. नीमियाने तिथेच बसून ती ओळ लिहिली, फाइल टाकली, बिल्ड चालवला. पान जसंच्या तसं.

डॉन बासिलिओ खुर्चीत मागे रेलला. डॉक्टरबाईंना म्हणाला, नवीन मुलगी आहे, तिच्याकडून हे असं होतं, पुढच्या आठवड्यात मी दुसरा माणूस देतो. त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला शिसारी आली. स्वतःचा प्रोग्राम गिऱ्हाइकासमोर पडला तरी चालेल, पण ही बरोबर निघता कामा नये.

नीमिया उठली, त्याच्या टेबलाशी गेली, फाइल सर्व्हरवरच उघडली, शेवटी एक मोकळी ओळ टाकली आणि तिथेच सेव्ह केली. आता फाइलीलाही सर्व्हरचीच पळती वेळ लागली. बिल्ड चालला. रद्द केलेली जागा दुसऱ्या नावाने भरली. डॉक्टरबाईंनी तीनचार वेळा करून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"मग अडलं कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

मी डॉन बासिलिओकडे पाहिलं. त्याने थर्मास उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पेला भरला. भरून नीमियापुढे धरला, लाडाने, मुलीला द्यावा तसा.

"सर्व्हरची वेळ चुकली होती," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "पोरीच्या लक्षात राहिलं नाही. शिकेल. सोमवारपासून कायम करतोय मी तिला." आणि तिच्याकडे वळून, "सांग बाई, तुझ्याकडून कसं राहिलं ते. मोठ्या मनाने सांगावं माणसाने."

म्हणजे जागा हवी तर चूक तिने पदरात घ्यायची. तिने पेला घेतला. घाई न करता प्यायली, तळाशी घुर्र आवाज येईपर्यंत. मग तो त्याच्या हातात परत दिला.

"आभारी आहे, डॉन बासिलिओ," ती म्हणाली.

लॅपटॉप पिशवीत घातला, डॉक्टरबाईंना नमस्कार केला आणि दुकानातून बाहेर पडली. डॉन बासिलिओ हातात पेला घेऊन हसतच राहिला, कारण हसू कुठे संपवायचं ते त्याला कळेना. त्याने पुन्हा पाणी ओतलं आणि पेला डॉक्टरबाईंपुढे केला. त्यांनी हात आडवा केला, कामावर असताना मी पीत नाही म्हणाल्या. दाराशी त्यांची गाडी उभी होती आणि पुढच्या सीटवर त्यांचा स्वतःचा थर्मास मला सकाळीच दिसला होता.

नीमिया गेली कुठे ते मला नक्की माहीत नाही. पिरिबेबुयला परत गेली नाही एवढं कळलं.

सोमवारी डॉन बासिलिओ आला, मनगटाकडे बघितलं, नळी दातांत धरली आणि सर्व्हरचं घड्याळ तासभर पुढे केलं. मग सवयीने हाक मारली, "नीमिया, पाणी." कुणी उठलं नाही तेव्हा त्याने खोलीभर नजर फिरवली, स्वतः ओतलं, स्वतः प्यायला, पुन्हा ओतलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

नळी ओली होती. मी प्यायले. त्या खुणा जिभेला लागल्या. मग पेला परत दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही.